झाडपाल्याला औषध मानायचं तर

साखरेवर सदाफुलीची पानं चावून खा, हा सल्ला महाराष्ट्रात कुणालाही फुकट मिळतो. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या कट्ट्यावर मिळतो, देवळाच्या पायरीवर मिळतो, मोबाइलवर तर न मागता येऊन पडतो. कुणी पाच पानं सांगतं, कुणी पांढरी फुलं, कुणी मुळाचा काढा. आणि शेवटी एक वाक्य हमखास असतं: झाडपाल्याचं आहे, साइड इफेक्ट नाही.

सदाफुली साखरेवर चालते, हीच समजूत जमैकातही होती. तिथले लोक मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा चहा पीत. १९५२ मध्ये तिथल्या एका डॉक्टरने ती पानं पाकिटात घालून कॅनडाला धाडली आणि ती वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्या हाती आली. उंदरांना अर्क तोंडावाटे दिला, तर साखरेवर काही फरक पडेना. तोच शिरेतून टोचला, तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने मेले. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी पार कमी झालेल्या आणि अस्थिमज्जेतलं त्यांचं उत्पादन मंदावलेलं. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बिअर यांनी इथे मधुमेहाचा नाद सोडला आणि उलटा प्रश्न विचारला. ल्युकेमियात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात; मग पांढऱ्या पेशी घटवणारं हे काय आहे? १९५८ मध्ये त्यातून व्हिन्ब्लास्टिन हाती लागलं. त्याचं भावंड व्हिन्क्रिस्टिन १९६३ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. लहान मुलांच्या ल्युकेमियावरच्या उपचारात ते आजही जगभर दिलं जातं.

ते काम कसं करतं, हे आता नीट माहीत आहे. पेशी दुभंगताना तिच्यात ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे विणले जातात आणि त्या धाग्यांनी गुणसूत्रं दोन बाजूंना ओढली जातात. सदाफुलीचा रेणू ट्युब्युलिनला चिकटतो आणि धागा विणूच देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते. भराभर वाढणाऱ्या पेशी आधी बळी पडतात, मग त्या कर्करोगाच्या असोत की अस्थिमज्जेतल्या निरोगी. याच धाग्यांवर दुसऱ्या बाजूने काम करणारं कर्करोगाचं औषध आहे टॅक्सॉल. ते धागा विणू देतं, पण उसवू देत नाही. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक, मनसुख वाणी, मूळचे नंदुरबारचे. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना जाहीर केली. त्याआधी १९६६ मध्ये याच जोडीने एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी रसायन वेगळं काढलं होतं. ते पुढे सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही भरपूर सापडलं आणि त्यापायी कोकण-कोल्हापूरच्या जंगलांत नरक्याची चोरटी तोड झाली.

पाच पानं चावल्याने किमोथेरपी होत नाही, हे खरं. व्हिन्ब्लास्टिनच्या एका ग्रॅमसाठी वाळलेली पानं शेकडो किलो लागतात, आणि ते पोटातून फारसं शोषलंही जात नाही. पण सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइड आहेत. कुठल्या कुंडीतल्या झाडात कुठलं किती, हे चावणाऱ्याला ठाऊक नसतं. आणि त्या पाच पानांच्या भरवशावर ज्याने मधुमेहाची गोळी बंद केली, त्याची साखर वर चढत राहते.

म्हणून ‘साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य वनौषधींची स्तुती म्हणून म्हटलं जात असलं, तरी खरं पाहता तो त्यांचा अपमान आहे. ज्याचा शरीरावर काही परिणाम होतो, त्याचा नको तो परिणामही होऊ शकतो. नको तो परिणाम कधीच होत नसेल, तर हवा तो तरी कशाच्या जोरावर होणार?

वनस्पतींची रसायनं माणसाच्या अंगी लागू का पडतात, याचं उत्तर वनस्पतींच्या जगण्यात आहे. झाडाला पळता येत नाही. किडा आला, बकरी आली, बुरशी धरली, तरी जागेवर उभं राहूनच निभवायचं. त्यासाठी झाडं कडू, तिखट, उग्र, मादक, विषारी रेणू तयार करतात. हे रेणू मुळात दुसऱ्या सजीवांच्या नसांवर, स्नायूंवर, पेशींवर नेम धरून घडलेले असतात. किड्याची नस आणि माणसाची नस यांत मूलभूत यंत्रणा बरीचशी सारखी आहे. तेव्हा हे रेणू माणसावरही चालतात, यात नवल नाही. आणि ते माणसाच्या भल्यासाठी घडलेले नाहीत, हेही त्यातच आलं.

सगळ्याच वनौषधी रक्तात उतरतात असंही नाही. इसबगोल तर शरीरात शिरतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याचा भुसा आतड्यात पाणी धरून फुगतो, मळ मऊ होतो, पोट साफ होतं. पुरेसं पाणी न पिता तो घेतला, तर तोच घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. सोनामुखीची तऱ्हा निराळी. तिचे सेनोसाइड लहान आतड्यातून जसेच्या तसे पुढे सरकतात. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथले जीवाणू त्यांची साखर तोडतात, तेव्हा कुठे खरं औषध मोकळं होतं आणि आतड्याला पीळ देऊन हलवतं. या सगळ्याला सहा ते बारा तास जातात. जुनी माणसं सोनामुखी रात्री झोपताना देत आली, ती या हिशेबाने. ज्यांना जीवाणू माहीत नव्हते, त्यांना वेळ बरोबर माहीत होती. अशा निरीक्षणाचा आदर करायलाच हवा, आणि आदर करायचा म्हणजे ते निरीक्षण कुठवर जातं आणि कुठे थांबतं, तेही पाहायला हवं.

दाढ दुखली की लवंग धरायची, हेही असंच खणखणीत निरीक्षण. नसेच्या पापुद्र्यात सोडियमची बारीक दारं असतात. ती उघडली की सोडियम आत घुसतो आणि कळ पुढे जाते. लवंगेतलं युजेनॉल ही दारं अडवतं, म्हणून दाढ बधिर होते. दाताच्या दवाखान्यात शिरताच जो वास नाकाला झोंबतो, तो बहुधा याच युजेनॉलचा. झिंक ऑक्साइडमध्ये कालवून ते दातात भरतात.

आता त्याच दारांची दुसरी गोष्ट. बचनागातलं ॲकोनिटिन ही दारं उघडतं आणि मिटूच देत नाही. ओठ, जीभ मुंग्या आल्यासारखी होते, मग हृदयाचे ठोके बिघडतात, आणि अगदी थोडा कच्चा बचनागही जीव घेऊ शकतो. तरीही आयुर्वेदाने बचनाग टाकला नाही. तो गोमूत्रात भिजवणं, दुधात उकळणं असे शोधनाचे प्रकार सांगितले. प्रयोगशाळेत तपासल्यावर दिसतं, की उकळताना ॲकोनिटिनच्या रेणूतले एस्टरचे बंध तुटतात आणि मूळ विषाच्या मानाने कितीतरी सौम्य संयुगं उरतात. शोधन हे कर्मकांड नसून रसायनशास्त्र आहे. पण सौम्य म्हणजे निर्विष नव्हे. अंग मोडून आलं, कणकण वाटली की महाराष्ट्रात अनेक घरांत जी त्रिभुवनकीर्ती सहज घेतली जाते, तिच्यात शोधन केलेला बचनाग असतो आणि पाऱ्याचं संयुग असलेलं हिंगूळही. हे किती जणांना माहीत असतं? चार गोळ्या घेतल्या काय आणि सहा घेतल्या काय, असं तिच्या बाबतीत म्हणून चालणार नाही. कुठल्याही जाणत्या वैद्याला ती अशी हातोहात वाटली गेलेली आवडणार नाही.

हळदीचा विषय आला की मराठी माणसाचा आवाज चढतो, आणि त्याला कारणही आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. मूळचे गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांनी हरकत घेतली, जुने दाखले पुढे ठेवले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ही लढाई जिंकली, याचा अभिमान योग्यच. मात्र त्या निकालाने एवढंच ठरलं की हळदीचा हा वापर भारताला जुना आहे. हळद शरीरात काय करते, किती पोहोचते, कुणाला बाधते, हे त्या खटल्याचे प्रश्नच नव्हते. तरीही त्या विजयाचा अर्थ पुष्कळांनी असा घेतला, की हळदीबद्दल आता विचारण्यासारखं काही उरलं नाही.

उरलं आहे ते असं. सुक्या हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. चमचाभर हळदीतून पोटात जातं ते शंभरेक मिलिग्रॅम. त्यातलं बरंचसं विरघळत नाही. जे शोषलं जातं, त्याला आतड्याचा पडदा आणि यकृत लगेच साखरेच्या आम्लाची जोड देऊन बाहेरची वाट दाखवतात. रक्तात पोहोचतं नावापुरतं. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा रक्तात ते जेमतेम सापडलं. सोबत मिरीतलं पायपरिन फक्त वीस मिलिग्रॅम दिल्यावर त्याची रक्तातली उपलब्धता वीस पटींनी वाढली. पायपरिन ही जोड देणाऱ्या यकृताच्या आणि आतड्याच्या एन्झाइमना रोखतं, म्हणून कर्क्युमिन तगून राहतं. हळदीच्या दुधात चिमूटभर मिरपूड टाकण्यामागे आणि औषध कशासोबत घ्यावं या अनुपानाच्या कल्पनेमागे किती अनुभव मुरलेला आहे, हे यातून कळतं.

गोष्ट इथे संपत नाही, आणि हाच भाग जाहिरातींत नसतो. पायपरिन फक्त हळदीसाठी वाट मोकळी करत नाही. फिट येऊ नये म्हणून घेतलं जाणारं फेनिटॉइन, रक्तदाबाचं प्रोप्रॅनोलॉल, दम्याचं थिओफिलिन यांचंही रक्तातलं प्रमाण ते वाढवतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. याचा शहाणपणाने उपयोग करता येतो. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेने कॅडिला कंपनीसोबत क्षयाचं असं औषध घडवलं, की ज्यात रिफॅम्पिसिनची मात्रा ४५० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली आणि पायपरिनने ती तूट भरून काढली. पण हेच डॉक्टरला न सांगता झालं, तर फिटच्या रुग्णाच्या रक्तात फेनिटॉइन साचत जाईल आणि तो तोल जाऊन पडेल. उलट्या दिशेनेही असं घडतं. युरोपात नैराश्यावर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट यकृताची एन्झाइम वाढवते. २००० मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांची नोंद छापली. या वनस्पतीमुळे त्यांच्या रक्तातलं, रोपण टिकवण्यासाठी दिलेलं सायक्लोस्पोरिन इतकं घटलं, की शरीर नवं हृदय नाकारू लागलं.

आणि खुद्द हळद? स्वयंपाकातल्या हळदीचं भय बाळगायचं कारण नाही. मात्र शोषण वाढवलेल्या, जास्त ताकदीच्या कर्क्युमिनच्या गोळ्या निघाल्यापासून यकृताला इजा झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. अमेरिकेतल्या यकृत-इजेच्या राष्ट्रीय नोंदवहीतून २०२२ मध्ये अशा दहा रुग्णांचा अभ्यास छापून आला. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं आणि एकाचा मृत्यू झाला होता. त्यातल्या बहुतेकांत एक विशिष्ट जनुकीय खूण आढळली, म्हणजे काही माणसांना हा धोका जन्मतःच जास्त असतो. जी हळद रक्तात शिरत नव्हती, ती शिरू लागली आणि खऱ्या अर्थाने औषध झाली. मग औषधाला जे नियम, ते तिलाही लागू व्हायला हवेत.

ज्येष्ठमधाकडे याहूनही निरखून पाहायला हवं. घसा बसला, आवाज फुटेना, की गायकापासून शिक्षकापर्यंत सगळे ज्येष्ठमधाची कांडी चघळतात. करोनाच्या काळात तर घरोघरच्या काढ्यांत तो दोन-दोन वेळा जात होता. १९४० च्या दशकात रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी जठराच्या व्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क देऊन पाहिला. व्रणाला आराम पडला, पण काही रुग्णांच्या तोंडावर, पायांवर सूज आली. १९४६ मध्ये त्यांनी दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे छापल्या. सूज का येते, याचा पुरता उलगडा व्हायला मात्र पुढे चार दशकं गेली.

मूत्रपिंडात मीठ राखून ठेवण्याचा हुकूम देणारं एक संप्रेरक आहे, अल्डोस्टेरॉन. ते ज्या ठिकाणी जाऊन बसतं, त्या जागेला अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल यांतला फरक कळत नाही, आणि कॉर्टिसॉल तर रक्तात कितीतरी जास्त असतं. म्हणून तिथे एक एन्झाइम पहाऱ्यावर असतं. ते कॉर्टिसॉल आलं की त्याला निष्क्रिय करतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन आतड्यातल्या जीवाणूंकडून तोडलं जातं आणि त्यातून जे आम्ल तयार होतं, ते नेमकं याच एन्झाइमला बंद पाडतं. कॉर्टिसॉल बिनअटकाव आत शिरतं, मीठ आणि पाणी साचतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. पोटॅशियम फार घटलं की हृदयाची लय बिघडते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ५४ वर्षांचा एक माणूस अशाने दगावल्याची नोंद २०२० मध्ये छापून आली. तो काही आठवडे रोज पिशवी-दीड पिशवी ज्येष्ठमधाच्या गोळ्या खात होता. युरोपात ग्लिसिरायझिनची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम मानली जाते.

घसा दुखतो म्हणून दोन दिवस कांडी चघळली, तर निरोगी माणसाला काही होत नाही. पण रक्तदाबाचा रुग्ण, त्यातून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू, आणि वर ‘प्रतिकारशक्तीसाठी’ महिनोन्‌महिने काढा, हे गणित धोक्याचं आहे. अशा रुग्णाचा रक्तदाब आटोक्यात येईना, तर डॉक्टर गोळी वाढवतो. काढ्याबद्दल तो विचारत नाही आणि रुग्ण सांगत नाही.

प्रतिकारशक्तीवरून गुळवेल. ही वेल महाराष्ट्रात कडुनिंबावर, कुंपणावर, कुठेही चढलेली दिसते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर जे काम केलं, ते कुठल्याही देशाने मिरवावं असं आहे. मराठी वाचक त्यांना ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’च्या लेखिका म्हणून ओळखतात. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या रुग्णांची प्रतिकारशक्ती खचलेली असते आणि शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग त्यांना गाठतो. अशा रुग्णांचे दोन गट करून एकाला नेहमीच्या उपचाराबरोबर गुळवेल दिली गेली. १९९३ मध्ये छापलेला हा अभ्यास लहान होता, पण गुळवेलीच्या गटात जंतुसंसर्ग कमी झाला आणि अधिक रुग्ण वाचले. गुळवेल जंतू खाणाऱ्या पेशींना जागं करते, हे त्यामागचं कारण त्यांनी आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून शोधलं होतं. रुग्ण कोण, आजार कोणता, मात्रा किती, दिवस किती, सगळं ठरलेलं होतं.

करोनाच्या लाटेत यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. लाखो माणसांनी कुंपणावरची वेल तोडून उकळली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेणारे आणि यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले. ही नोंद छापून आल्यावर आयुष मंत्रालयाने ती फेटाळली आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असं म्हटलं. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. लक्षणं सुरू झाली ती वेल घ्यायला लागल्यापासून साधारण दीड महिन्याने. आणि बहुतेकांच्या यकृतावर त्यांच्या स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेने हल्ला केल्याच्या खुणा होत्या.

ज्या पेशी केईएमच्या रुग्णांना वाचवत होत्या, त्यांना जागं करणारी वेल, ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःवर उलटायच्या बेतात आहे त्याला हानिकारक ठरू शकते. थायरॉइडचा किंवा सांध्यांचा स्वप्रतिकाराचा आजार असलेल्याने ‘इम्युनिटी वाढते’ म्हणून गुळवेल घ्यावी का, याचं उत्तर वेलीच्या गुणांतच दडलेलं आहे. मंत्रालयाने तेव्हा वाद घालण्यापेक्षा नोंदी मागवल्या असत्या, तर गुळवेलीचंही भलं झालं असतं आणि रुग्णांचंही.

जात बदलल्याचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही, कारण तो सगळ्याच बाजाराला लागू आहे. स्त्रियांच्या पाळीच्या तक्रारींवर सीताअशोकाची साल देतात. बाजारात तिच्या नावावर सोसायट्यांच्या कंपाउंडला लावतात त्या उंच, सरळसोट खोट्या अशोकाची सालही खपते. ब्रुसेल्समध्ये १९९० च्या सुमारास वजन घटवण्याच्या एका दवाखान्यात एका चिनी मुळीच्या जागी दुसरी आली. ती ईश्वरी या वेलीच्या कुळातली होती. तिच्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने शंभराहून अधिक जणांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडं निकामी झाली आणि पुढे त्यातल्या अनेकांना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. पुडीतली पूड डोळ्यांनी ओळखता येत नाही, वासानेही नाही.

अडुळशाचं उदाहरण या सगळ्यात दिलासा देणारं आहे. त्यातल्या व्हॅसिसिनवरून जर्मनीत १९६० च्या दशकात ब्रोमहेक्सिन घडवलं गेलं आणि त्याच्यापासून ॲम्ब्रोक्सॉल. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ही नावं दिसतात. दोन्ही चिकट कफ पातळ करतात. तेच व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचनही करवतं, म्हणून गरोदर बाईने अडुळशाचा काढा घेऊ नये. एका पानाचे हे दोन्ही गुण एकाच कागदावर लिहिता येतात.

असं लिहिण्याची वाट मुंबईनेच घालून दिली आहे. सर्पगंधा बिहार-बंगालकडे वेड आणि निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या दिली जात होती. केईएममध्ये काम करणाऱ्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावर होणारा परिणाम पद्धतशीर तपासला. पन्नास रुग्ण, औषधाआधी आणि औषधावर असताना मोजलेला रक्तदाब, आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध. तोवर रक्तदाबावर पाश्चात्त्य वैद्यकाकडे धड गोळी नव्हती. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने १९५२ मध्ये त्याच मुळीतून रेसर्पिन वेगळं केलं आणि १९५७ मध्ये वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. नसांच्या टोकांशी नॉरॲड्रेनालिन ज्या पिशव्यांत साठवलं जातं, त्या रेसर्पिनमुळे भरत नाहीत. म्हणून रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणूनच वेडाच्या झटक्यातला माणूस शांत होतो, आणि म्हणूनच काहींना खोल नैराश्य येतं. गुण आणि दोष एकाच पिशवीतून आले. वकील यांच्या कामामुळे सर्पगंधेची पत वाढली.

आजचा कायदा अशा तपासणीचा आग्रह धरत नाही. जुन्या ग्रंथांत सांगितलेल्या कल्पांना परवाना घेताना सुरक्षिततेचा नवा अभ्यास लागत नाही. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि त्या जाहिराती रोज दिसतात. बचनाग, कुचला, धोतरा अशा विषारी द्रव्यांची एक अनुसूची आहे. ती पोटात घ्यायच्या औषधात असतील, तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं, असा इशारा डबीवर छापावा लागतो, पण तो इंग्रजीत आणि हिंदीत. सांगोल्याच्या किंवा गडहिंग्लजच्या दुकानातून त्रिभुवनकीर्ती नेणाऱ्या आजीने तो वाचायचा कसा?

तो मराठीत छापायला कुठल्याही कंपनीला आजही आडकाठी नाही. त्याच्यासोबत झाडाचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, दिवसाची मात्रा आणि कुणी घेऊ नये हे चार तपशील गुळवेल, ज्येष्ठमध, अडुळसा आणि कर्क्युमिनच्या प्रत्येक बाटलीवर यायला हवेत. डॉक्टरांकडूनही एक गोष्ट हवी आहे. काढा, चूर्ण, वैद्याची पुडी, टीव्हीवर पाहून मागवलेलं काही चालू आहे का, हा प्रश्न प्रत्येक केसपेपरवर छापलेला असावा, आणि तो आवाजात तुच्छता न आणता विचारला जावा. कारण एकदा ओरडा खाल्लेला रुग्ण दुसऱ्यांदा काही सांगत नाही. शस्त्रक्रियेआधी दोन आठवडे असं सगळं थांबवावं, असा भूलतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. तो पाळायचा, तर हा प्रश्न शस्त्रक्रियेची तारीख ठरते त्याच दिवशी विचारला गेला पाहिजे. आदल्या रात्री रुग्ण खाटेवर आल्यावर विचारून त्याचा काही उपयोग नाही.